धाकट्याने भरलेलं पेट्रोल

माझ्या धाकट्या भावाच्या मोटरसायकलला मागची सीट नव्हती. ती त्यानेच कापून काढली होती आणि तिच्या जागी लोखंडी अँगलची चौकट बसवून घेतली होती, दोन्ही बाजूंना एकेक कॅन मावेल अशी. कॅन वीस लिटरचे. म्हणजे एका खेपेला चाळीस लिटर पाणी, चाळीस किलो, वर लोखंडाचं वजन वेगळं. एवढं ओढताना गाडी पेट्रोल जास्त खायची. म्हणून त्याने भंगारवाल्याकडून दुसऱ्या एका मोठ्या गाडीची टाकी आणली आणि लोखंडी पट्ट्या जोडून ती हिच्यावर चढवली. मूळ टाकी नऊ लिटरची होती, ही तेराची. रंगही जुळत नव्हता. गाडी काळी आणि टाकी मेंदीच्या रंगाची. "भाऊजी, हा उंट आहे," असं माझी बायको म्हणायची.

"उंटच पाहिजे, वहिनी. तुम्ही राहायला वाळवंटात आलाय."

ते खोटं नव्हतं. ऐंशीचं दशक संपता संपता आम्ही मुंबईतली एक खोली सोडून मीरा रोडला आलो. वडील त्याआधीच गेले होते. आई, मी, माझी बायको, पाळण्यातली मुलगी आणि धाकटा. आता जिथे बेव्हर्ली पार्क झालंय त्याच्या जरा अलीकडे, चार मजल्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मुंबईच्या मानाने महालच. नळ तीन होते. पाणी एकालाही नव्हतं. टँकर येई, पण त्याचा नेम नसे, आणि आला की चार मजल्यांच्या बादल्या एकदम खाली उतरत. आईने आयुष्यभर नळावर रांगा लावल्या होत्या. साठीच्या पुढे तिने पुन्हा बादली घेऊन तीन मजले चढावे हे धाकट्याला बघवेना. म्हणून ती चौकट.

पाणी तो काशीगावातून आणायचा. तिथे एका जुन्या शेतकरी घराची विहीर होती. त्या घरातल्या म्हाताऱ्या आजींनी पहिल्या दिवशी त्याला सांगितलं होतं, "पानी माजं न्हाय, इहिरीचं हाय. ने." बदल्यात तो त्यांच्या म्हशीसाठी दोन-चार बादल्या शेंदून द्यायचा. खालच्या वाटेवर आला की तो दोनदा हॉर्न वाजवायचा. मग आई दार उघडून जिन्याच्या तोंडाशी उभी राहायची, आणि हा दोन्ही हातांत कॅन घेऊन चढताना ओरडायचा, "पाणीवाला आला, भांडी काढा!"

"लग्न झाल्यावर बायकोला कुठे बसवणार?" माझी बायको विचारायची.

"कॅनवर. घट्ट धरून बसेल."

ती टाकी तेव्हाही थोडी झिरपायची. पट्टी जिथे टाकीला जोडली होती तिथे, खालच्या कडेला, ओलसर दिसायचं. त्यावर त्याचा उपाय साबण. अंघोळीच्या साबणाची वडी कोरडीच घेऊन ती चिरेवर घासायची. पेट्रोलने साबण विरघळत नाही, त्यामुळे काही दिवस भागतं. असं रस्त्यावर सगळेच करायचे. पक्कं काम करून घेऊ, एवढी खेप होऊ दे, असं तो म्हणत राहिला. गाडी उभी ठेवली तर पाणी कोण आणणार?

त्या वर्षी पाऊस सरता सरता त्याला ताप आला. आमच्या बाजूला तेव्हा मिठागरं आणि पाणथळ जागा खूप होत्या, डासांना तोटा नव्हता, आणि मलेरिया घरटी एकाला तरी होऊन गेलेला असायचा. त्यामुळे आम्ही घाबरलो नाही. तापातच तो खाली जाऊन आला. वर आल्यावर म्हणाला, "दादा, टाकी फुल करून ठेवलीय. आठवडाभर बघायला नको." आईने त्याच्या कपाळाला हात लावला आणि पेट्रोल भरायला मुहूर्त काढला होता का म्हणून त्याला झापलं. दुसऱ्या दिवशी तो बरळायला लागला. ताप डोक्यात गेला होता. दवाखान्यात नेलेला तो परत आला नाही. सव्वीस वर्षांचा होता.

गाडी खाली, जिन्याशेजारी उभी राहिली. मला चालवता येत होती, पण आईने सांगितलं, "तिला हात लावू नका." दोन्ही कॅन तिने स्वतः वर आणून गॅलरीत पालथे घातले. आम्ही पुन्हा टँकरच्या रांगेत उभे राहिलो. मग थोड्याच दिवसांत नगरपालिकेचं पाणी नळाला आलं. तीन दिवसांआड, पहाटे, अर्धा तास. इमारतीत पेढे वाटले. आईने आमच्या वाट्याचा पेढा घेतला आणि देवापुढे तसाच ठेवला. नंतर त्याला मुंग्या लागल्या.

टाकी गळतेय हे इमारतीला वासावरून कळलं. मला त्याआधी दोन दिवस आईवरून कळलं होतं. सकाळी दूध घ्यायला उतरलो तर ती गाडीशेजारी उकिडवी बसलेली. हातात साबणाची वडी. ती टाकीच्या खालच्या कडेला साबण घासत होती, लहान मुलाच्या मानेवरचा मळ काढावा तशी. खाली फरशीवर थाळीएवढा काळा डाग.

"आई, किती दिवस चाललंय हे?"

"थांबतं रे साबणाने. तोही लावायचा."

"हे थांबलेलं नाही. थेंब बघ."

"हळू पडतोय," ती म्हणाली. "त्याने भरलेलं आहे ते."

एवढंच म्हणाली. मला तोवर ही गोष्ट सुचलीच नव्हती. त्याचे कपडे दिले होते, त्याचं अंथरूण दिलं होतं. त्याने स्वतः जाऊन आणलेली आणि अजून शिल्लक असलेली अशी वस्तू घरात एकच उरली होती, आणि ती थेंबाथेंबाने जमिनीवर जात होती.

दिवाळी जवळ आली होती. आमच्या घरी त्या वर्षी दिवाळी नव्हती, पण इमारतीत पोरांचे फटाके सुरू झाले होते. पहिल्या मजल्यावरचे गुजराती काका वर आले. बिचाऱ्यांना बोलायला जड जात होतं. "बेन," ते आईला म्हणाले, "मुझे मालूम है. लेकिन नीचे बच्चे फुलझड़ी ले के घूमते हैं. यह आग का सामान है. कुछ कर लो."

त्यांचं बरोबर होतं. मी रविवारी काशीमिऱ्याच्या नाक्यावरच्या मेकॅनिकला बोलावून आणलं. त्याने खाली वाकून टॉर्च मारली, पट्टीला बोट लावलं आणि उठला. "साब, यह टंकी इस गाड़ी की है ही नहीं. नई ओरिजिनल डालो, झंझट खतम."

"ही काढायची नाही," आई म्हणाली.

"माँजी, सड़ गई है."

"माणसं सडल्यावर टाकतो का आपण?"

मेकॅनिकने माझ्याकडे बघितलं. आई असं बोलणारी बाई नव्हती. मी विचारलं, टाका मारून ही झाळता येईल का? तो म्हणाला, येईल, भाईंदर पश्चिमेला मोरव्याच्या रस्त्यावर टाक्या झाळणारा आहे, पण आधी पेट्रोल पूर्ण काढावं लागेल. आणि आईला समजावं म्हणून हाताने फुटल्याची खूण करून दाखवली.

पेट्रोल काढून ठेवायचं कशात हा प्रश्न आला. रॉकेलचा डबा भरलेला होता. आई गॅलरीत गेली आणि एक कॅन घेऊन आली. "त्याच्याच कॅनमध्ये ठेव." पाण्याच्या भांड्यात पेट्रोल ठेवणं मला पटत नव्हतं, पण तिच्यापुढे ते बोलवेना. मेकॅनिकने कॉकची नळी सोडली आणि टाकी तिरकी करून शेवटपर्यंत निथळून घेतली. मी माप घेतलं. माझा स्वभावच तसा आहे. साडेतीन लिटर भरलं.

"तेरा होतं ना?" आईने विचारलं.

"हो."

"बाकीचं?"

"थोडं उडालं. बाकी गळलं."

तिने मान हलवली. कॅनच्या मुठीला मी लाल फडकं बांधलं, तो गॅलरीच्या टोकाला, स्वयंपाकघरापासून लांब ठेवला, आणि घरात सगळ्यांना सांगितलं की याला हात लावायचा नाही.

टाकी मी गोणपाटात गुंडाळून भाईंदरला नेली. झाळणाऱ्याने आधी ती पाण्याने भरायला घेतली. रिकाम्या टाकीत वाफ असते, ज्योत लावली की ती पेटते, म्हणून पाणी काठोकाठ भरायचं आणि फक्त चिरेपुरती जागा कोरडी ठेवायची. पाणी चढत गेलं तसं आत कुठेकुठे अडकलेलं पेट्रोल वर आलं आणि झाकणाच्या तोंडातून सात रंगांची साय होऊन बाहेर सांडलं. पाणी खाली, पेट्रोल वर. शाळेत शिकलेलं होतं. बघताना मात्र वाटलं, आईला बरोबर आणलं नाही ते बरं झालं.

त्याने पितळेचा टाका मारला, पट्टीखाली एक जाड पत्रा दिला, आणि टाकी परत देताना बजावलं, "चांगली चार-पाच उन्हं दाखवा. आत एक थेंब पाणी राहता कामा नये. पाणी राहिलं तर गाडी झटके देईल आणि टाकी आतून खाईल."

म्हणून टाकी गच्चीवर उन्हात ठेवली. आई सकाळी ती फिरवून ठेवायची, दुपारी पुन्हा फिरवायची, पापड वाळवावेत तशी. संध्याकाळी खाली आणायची. तिच्यात बरेच दिवसांनी जरा हालचाल दिसत होती. जेवतानाही ती विचारायची, "वाळली की नाही हे कसं कळेल?" मी म्हणायचो, उद्या बघू. टाकी वाळली की पेट्रोल गाळून परत भरायचं, असं ठरलं होतं. पुढे काय, हे तिने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात नळाला पाणी आलंच नाही. पाइप फुटलाय असं कुणीतरी सांगितलं. घरातली सगळी भांडी तळाला गेली. मग एका पहाटे नळ खाकरला आणि पाणी आलं, तेही इतक्या जोरात की रबरी नळी बादलीतून उडून बाहेर पडली. बायकोने मला उठवलं. आम्ही पिंप भरलं, बादल्या भरल्या, हंडे, पातेली, कुकर, मुलीचा अंघोळीचा टब, सगळं भरलं. अर्धा तास झाला तरी पाणी थांबेना. असं कधी झालं नव्हतं. बायको स्वयंपाकघरात पातेल्यांवर झाकणं घालत होती, मी भरलेलं पिंप सरकवत होतो. आई न्हाणीघरात नळीपाशी होती.

वाहतं पाणी आणि घरात रिकामं भांडं, हे आमच्या आईला सहन होणारं नव्हतं. तिच्या पिढीच्या, चाळीतल्या नळावर संसार केलेल्या कुठल्याच बाईला ते होत नाही. ती गॅलरीत गेली आणि दोन्ही कॅन उचलून आणले. अंधार होता. एक रिकामा, दुसरा जरा जड. तळाला जुनं पाणी असेल असं तिला वाटलं असणार, किंवा काहीच वाटलं नसणार, हाताने काम केलं असणार. वास तर आठवडाभर घरभर होताच, आमची नाकं मेली होती. तिने पहिला भरला. मग दुसऱ्याचं झाकण काढून नळी थेट तळापर्यंत खुपसली आणि तांब्या आणायला वळली.

मला वास आला तेव्हा मी बाहेरच्या खोलीत होतो. नेहमीचा नव्हे, घशात जाणारा. बायको चहाला काडी ओढणार होती.

"गॅस लावू नको!" मी इतक्या मोठ्याने ओरडलो की मुलगी झोपेतून उठून रडायला लागली.

न्हाणीघरात कॅन काठोकाठ भरून वाहत होता. नळी तळाशी होती. पाणी खालून चढत गेलं आणि वरचं सगळं त्याने ढकलून बाहेर काढलं, त्या झाळणाऱ्याकडे टाकीतून निघालं तसंच. मोरीच्या जाळीवर सात रंग फिरत होते आणि आत जात होते. मी नळ बंद केला. खिडकी उघडली. आई दारात तांब्या घेऊन उभी होती. मुठीवरचं लाल फडकं भिजून काळं दिसत होतं.

तिने ते फडकं बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"मी भरला," ती म्हणाली.

"असू दे, आई."

"तू सांगितलं होतंस."

"अंधार होता."

"पाणी वाया जात होतं रे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिथे फुटला. तो गेल्यापासून ती आमच्यासमोर रडली नव्हती. त्याला नेलं तेव्हाही नाही. आता ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली आणि तोंडावर पदर न घेता रडली, मोठ्याने, जिन्यात ऐकू जाईल अशी. माझी बायको मुलीला कडेवर घेऊन तिच्याशेजारी ओल्या फरशीवर बसून राहिली.

उजाडल्यावर आई उठली. स्वयंपाकघरातून पळी आणि वाटी घेऊन आली.

"पेट्रोल वर राहतं ना?"

"हो."

"मग जे उरलंय ते काढता येईल."

कॅनच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढा थर राहिला असेल, तोंडाच्या रुंदीपुरता. तोंड अरुंद, पळी आत जाईना. तिने चमचा घेतला. दुधावरची साय काढायला तिचा हात फार हलका होता. घरात सगळे तिला त्यावरून नावाजायचे. तशाच हलक्या हाताने एकेक चमचा ती वाटीत सोडत गेली. मी कॅन तिरका धरून बसलो. वाटी अर्धी झाली तेव्हा ती थांबली. मी वाटी उजेडात धरली. वर पिवळट पेट्रोल आणि तळाशी, वेगळा, गोल, हरभऱ्याएवढा पाण्याचा थेंब. एकच नव्हे, तीन-चार होते.

"सगळं त्याचंच आहे ना हे?" तिने विचारलं.

मी खोटं बोलत नाही. हिशेबातही नाही आणि घरातही नाही. "वरचं त्याचं आहे," मी म्हटलं. "खाली थोडं पाणी आहे."

"पाणीही तोच आणायचा," ती म्हणाली.

त्या दिवशी मी ऑफिसला गेलो नाही. दुपारी टाकी गच्चीवरून खाली आणली, गाडीवर चढवली, पट्ट्या आवळल्या. आतून अगदी कोरडी होती. तिने इतकी उन्हं दाखवली होती की हात लावला तर कोमट लागत होती. आईने झाकण उघडलं आणि वाटी त्यात ओतली. मग वाटी उपडी धरून शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबली. एक थेंब पाणी नको, हे मला पाठ होतं. मी झाकण हातात धरून उभा राहिलो. त्यावर मी पंपावरून आणलेलं नवं पेट्रोल भरलं. आठव्या किकला गाडी सुरू झाली.

"उद्यापासून तू जा," आई म्हणाली. "नळाचं काही खरं नाही."

दुसऱ्या सकाळी मी दोन्ही कॅन बांधून काशीगावात गेलो. पेट्रोलचा कॅन पाच वेळा साबणाने धुतला होता, तरी तो पिण्याच्या पाण्याला वापरायचा नाही असं ठरलं होतं. विहिरीशी पोचलो तर गाडीचा आवाज ऐकून आजी लगबगीने बाहेर आल्या. मला बघून पायरीवरच थांबल्या.

"गारी तीच हाय," त्या म्हणाल्या. "तू तो न्हायस."

मी त्यांना सांगितलं. त्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "म्हशीचं ऱ्हाऊ दे आज." मी तरी चार बादल्या शेंदून दिल्या.

परत येताना हायवेच्या वळणावर गाडीने झटके दिले आणि ती बंद पडली. नाका जवळच होता. चाळीस लिटर पाण्यासकट ढकलत मेकॅनिककडे नेली. त्याने कार्बोरेटरची खालची वाटी काढली आणि तळहातावर ओतली.

"साब, पानी है इसमें. बारिश तो कब की गई. किधर से आया?"

"घर का है," मी म्हटलं.

त्याला ते विनोदी वाटलं. हसत म्हणाला, "टंकी पूरी खाली कर देता हूँ. नहीं तो रोज़ बंद पड़ेगी. अंदर से सड़ेगी भी."

"रहने दो. जितना नीचे आया उतना निकालो."

"बाकी?"

"बाकी रहने दो."

घरी पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं. खालच्या वाटेवर माझा हात हॉर्नकडे गेला आणि मी तो मागे घेतला. तरी आई जिन्याच्या तोंडाशी उभी होती.

"एवढा वेळ?"

"मध्ये बंद पडली होती. टाकीत पाणी होतं ना."

"काढलंस?"

"थोडं काढलं. सगळं नाही काढलं."

तिने माझ्या हातातला एक कॅन घेतला. वीस किलोचा, मी नको म्हणत असताना. उंबऱ्याच्या आत नेऊन ठेवला आणि मग पाठमोरीच म्हणाली, "बरं केलंस."